हातात देऊ नये

शालिकराम भोयरच्या प्रत्येक पॅन्टला एक खिसा जास्त असतो. उजव्या खिशाच्या आत, चार बोटं खोल. दुकानातून नवी पॅन्ट आली की त्याची बायको गोपिकाबाई मशीनवर बसते आणि आधी तो खिसा शिवते, बाकीचं मग. त्या खिशात चाकू. घडीचा, नीट मिटलेला, तेलाचा हात फिरवलेला. लग्नाला जाताना चाकू, मयतीला जाताना चाकू, मुलीच्या सासरी जाताना चाकू. एकदा मेट्रोच्या स्टेशनवर तपासणीत तो सापडला. गार्ड अदबीनं म्हणाला, "काका, हा इथे जमा करावा लागेल." शालिकराम वळला, जिना उतरला आणि ऑटो करून घरी आला. तेव्हापासून त्यानं मेट्रोत पाऊल ठेवलेलं नाही. "ज्या गाडीत माझा चाकू चालत नाही, त्या गाडीत मी काहून बसू?" असा त्याचा सवाल असे. कोणी विचारलेलं नसतानाही असे.

आता चाकू म्हटलं की आपल्या नागपुरात माणूस जरा सरकून बसतो. पेपरात रोज काही ना काही असतंच. पण शालिकरामच्या चाकूंनी आजवर पेरू, कांदे, सुतळ्या आणि पार्सलांच्या चिकटपट्ट्या यांच्यापलीकडे काही कापलं नव्हतं. खटक्याचा चाकू त्यानं कधी घरात येऊ दिला नाही. "तो चाकू नाही, तो गुंडाई आहे," म्हणायचा. त्याला लागायचा तो साधा, नखानं उघडायचा. पात्यावर एक बारीक खाच असते, तिच्यात अंगठ्याचं नख घालायचं आणि पातं ओढायचं. पितळी मुठीचे, शिसवी मुठीचे, संत्र्याच्या कलमा बांधणाऱ्यांचे आखूड वाकड्या पात्याचे, जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगातून उकरून काढलेले, मुठीवर कुणाचं तरी नाव कोरलेले. सक्करदऱ्याच्या घरात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात मऊ फडक्यात गुंडाळून हे सगळे झोपलेले असत. पेटी उघडली की शिलाई मशीनच्या तेलाचा वास यायचा. गोपिकाबाई म्हणायची, "नातवाइचे फोटो मोबाइलमध्ये अन् चाकू पेटीत. पाहा बाप्पा या माणसाले."

पण नुसतं जमवण्यात काय मजा? जमवणाऱ्याला दाखवायला कोणी तरी लागतं, आणि तेही ज्याला कळतं असं. शालिकरामला तसा एकच माणूस होता. गिरिधर लांजेवार.

दोघं कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. पंपाच्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून जाड दोरीसारखं पॅकिंग भरतात. ते आखडून चालत नाही, सैल पडून चालत नाही, आणि तिरकंच कापावं लागतं. शालिकराम नवा लागला तेव्हा हे पॅकिंग करवतीच्या तुकड्यानं चावल्यासारखं कापायचा. गिरिधरनं ते पाहिलं, खिशातून स्वतःचा चाकू काढला, उघडला आणि एका ओढीत काप घेतला. काप असा की दोन टोकं जुळवली तर जोड दिसू नये. शालिकराम त्या कापाकडे पाहत राहिला. चाकूचं वेड त्या दिवशी लागलं असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे त्याला गिरिधरच्या हाताचं वेड लागलं होतं, पण हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं नाही, आणि पुढे सगळा घोळ झाला तो यातूनच.

त्या पहिल्याच दिवशी शालिकरामनं हात पुढे केला, "पाहू गा." गिरिधरनं चाकू मिटला आणि बाजूच्या लोखंडी टेबलावर ठेवला. "उचल. चाकू हातात देऊ नये. भांडण होते."

मीठ, मिरची आणि चाकू हातातून हातात देऊ नये, हे तर आपल्याकडे घरोघर ऐकलेलं असतं. शालिकरामच्या आईनंही हेच सांगितलं होतं. दिवसभर वाफेच्या दाबाशी खेळणारी ही दोन माणसं, मांजर आडवं गेलं तर त्याला रस्ता देऊन पुढे जाणारी. पण ही एक गोष्ट त्यांनी पाळली. नवा चाकू आला की मालकानं तो मिटून समोर ठेवायचा. दुसऱ्यानं उचलायचा, उघडायचा, मिटायचा, कानाशी धरून पुन्हा उघडायचा. पातं 'टक्' करून जागेवर बसलं की गिरिधर म्हणायचा, "बोलते." आवाज नाही आला की, "मुका आहे," आणि चाकू खाली. बस, एवढाच निकाल. पण शालिकरामनं एखाद्या चाकूसाठी अर्धा जिल्हा पालथा घातलेला असो, गिरिधरनं "बोलते" म्हटल्याशिवाय तो पेटीत जात नसे.

निवृत्त झाल्यावर शालिकरामनं सक्करदऱ्याला घर बांधलं. गिरिधर कोराडीकडेच राहिला. तरी रविवार चुकला नाही. गिरिधर सिटी बसनं यायचा आणि तलावाजवळच्या पिंटूच्या टपरीवर दोघं बाकावर बसायचे. हा पिंटू म्हणजे नावाचाच पिंटू, पोट सुटलेला, पन्नाशीचा. रविवारी तिथे आणखी चार-पाच रिकामटेकडे जमत. शालिकरामचा नवा चाकू निघाला की सगळे मान पुढे काढत आणि गिरिधर काय म्हणतो याची वाट पाहत. त्या बाकावरचा तो तास शालिकरामच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा तास होता. गोपिकाबाई म्हणायची, "शनवारपासूनच तुमचं अंग तिकडे वळते."

मग शालिकरामच्या डोक्यात जोडीचं खूळ आलं. मौद्याकडच्या एका गावात एक म्हातारा लोहार होता, हातानं घडीचे चाकू करणारा बहुधा शेवटचाच. शालिकरामनं त्याला गाठलं. एकाच पट्टीतून दोन पाती, एकाच लाकडातून दोन मुठी. एक स्वतःला, एक गिरिधरला. आजवर एकमेकांना दाखवलं होतं, दिलं कधीच नव्हतं. लोहारानं महिने लावले. शालिकराम जाऊन बसायचा, चहा पाजायचा, घाई करायचा, शिव्या खायचा. चाकू तयार झाले तेव्हा त्यानं गिरिधरचा उघडून पाहिला नाही. पहिल्यांदा त्यानंच उघडावा म्हणून.

तो रविवार. टपरीवर नेहमीचे सगळे होते. पिंटूनं चहा ठेवला. गिरिधर आल्यापासून दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला होता. थंडीचे दिवस, म्हणून शालिकरामला त्यात काही वाटलं नाही. त्यानं रुमाल पसरला, त्यावर चाकू ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा तुझा. माझ्याजवळ याचा जोडीदार आहे. उचल."

गिरिधरनं चाकूकडे पाहिलं. चेहरा उजळला. मग लगेच विझला. "मस्त आहे गा," तो म्हणाला.

"अरे, न पाहता मस्त कसा म्हणतो? उचल ना."

"तूच उघडून दाखव."

"मी काहून उघडू? तुझा आहे."

"मंग पाहीन घरी. राहू दे."

शालिकरामचं तोंड पडलं. महिने गेले होते, मौद्याच्या चकरा झाल्या होत्या, आणि हा माणूस दुकानात उरलेला माल पाहावा तसा दुरून पाहत होता. बाकीचे बघत होते. शालिकरामला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस नको ते बोलतो. तो मोठ्यानं हसून म्हणाला, "काहून गा, हाताले मेहंदी लावली काय?"

सगळे हसले. पिंटूही गाळणी हातात धरून हसला.

गिरिधर हसला नाही. "मले नको चाकू," तो म्हणाला. "आता काय करू चाकू घेऊन?"

"असं सांग ना मंग!" शालिकरामचा पारा चढला. "तू जळते. मी शोधतो, मी करून घेतो, अन् तू नुसता बसून निकाल देते. दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही तुले."

गिरिधर उठला. कोणाकडे न बघता, हात जॅकेटच्या खिशात घालून, बस स्टॉपकडे गेला. त्याचा चहा तसाच भरलेला राहिला. शालिकरामनं तो कप बघितला आणि त्याला वाटलं, चहासुद्धा माझा चालला नाही याला. चाकू रुमालात गुंडाळून तो घरी आला.

पुढच्या रविवारी गिरिधर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गोपिकाबाई म्हणाली, "फोन तरी लावा." शालिकराम म्हणाला, "तो गेला उठून. त्यानं लावावा." हे वाक्य त्यानं उन्हाळ्यात म्हटलं, पावसाळ्यात म्हटलं आणि पोळ्यालाही म्हटलं. मला विचाराल तर, एवढ्यात कोराडीची बस पंधरा वेळा पकडून झाली असती. पण अहंकाराला बसचं तिकीट काढायला जमत नाही.

दाखवायची खाज मात्र जाईना. मुलीनं त्याला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालून दिलं. 'धारवाले' नावाचा, पुण्यापासून इंदूरपर्यंतच्या लोकांचा. शालिकराम नवा चाकू हिरव्या चादरीवर ठेवून फोटो काढायचा आणि टाकायचा. लगेच अंगठे यायचे, आगीची चित्रं यायची, "क्या बात है अंकल" यायचं. कोणीतरी विचारायचं, पोलाद कोणतं? पहिले काही दिवस शालिकराम हरखला. मग त्याच्या लक्षात आलं की हे लोक सगळ्यालाच अंगठा दाखवतात. एकदा त्यानं मुद्दाम एक भिकार चाकू टाकला, ज्याचं पातं डुगडुगत होतं. त्यालाही अंगठे आले. आगीची चित्रंसुद्धा. त्या दिवशी त्यानं मोबाइल उशीखाली सारला. गिरिधरनं तो चाकू उचलून कानाशी धरला असता आणि 'मुका आहे' म्हणून खाली ठेवला असता. शालिकरामला ते खाली ठेवणं हवं होतं. गिरिधरची आठवण येत होती आणि तरी तो गेला नाही.

पुन्हा थंडी पडली. एक दिवस गोपिकाबाई भाजीबाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच उभी राहिली.

"उन्नती भेटली होती," ती म्हणाली. उन्नती म्हणजे गिरिधरची मुलगी. "गिरिधरभाऊजीले हात थरथरायची बिमारी आहे म्हणते. दोन-तीन वर्षं झाले. आता तं घास बी तिची माय भागीरथाच भरवते."

शालिकराम पलंगावर बसला. "दोन-तीन वर्षं? अन् मले..."

"कोणालेच सांगू देलं नाही त्याइनं. फिटरचा हात गेला म्हटल्यावर काय राहिलं, असं म्हणत होते म्हणे."

त्यानंतर ती बरंच काही बोलली, ते शालिकरामला ऐकू आलं नाही. त्याला गिरिधरचा तो भरलेला कप दिसायला लागला. पाच माणसांसमोर कप उचलला असता तर चहा बशीत, पॅन्टवर, सगळीकडे. त्याआधीच्या कितीतरी रविवारी गिरिधर पिंटूला "अर्धाच दे" म्हणायचा, ते आठवलं. बटणांचे शर्ट सोडून तो डोक्यातून घालायचे बनियन-टीशर्ट घालायला लागला होता आणि शालिकरामनंच त्याला "जवान झाला गा" म्हणून चिडवलं होतं. त्या रविवाराआधीच्या काही महिन्यांतले चाकू तो उचलायचा, पण उघडायचा नाही. "तूच उघड, मी ऐकतो" म्हणायचा. शालिकरामला वाटलं होतं, याचा कान आता इतका तयार झाला की हातात धरायची गरज नाही. त्यात त्याला कौतुक वाटलं होतं.

आणि त्या दिवशी, रीत पाळायची म्हणून, भांडण होऊ नये म्हणून, त्यानं चाकू रुमालावर ठेवला होता. हातात दिला असता, मूठ गिरिधरच्या बोटांत धरवून स्वतः पातं ओढलं असतं, तर कोणाला काही दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कोराडीच्या बसमध्ये बसला. आतल्या खिशात गिरिधरचा चाकू होता. बस कोळशाच्या ट्रकांमागे सरकत होती आणि शालिकराम मनात वाक्यं जुळवत होता. माफ कर गा, हे एक. मले माहीत नव्हतं, हे दुसरं. दुसरं वाक्य सांगितलं की सगळं सुटेल अशी त्याची पक्की खात्री होती. माहीत नव्हतं म्हणून बोललो. माहीत असतं तर बोललो असतो काय? एवढं समजलं की गिरिधर हसेल, आणि पुढचा रविवार इकडे कोराडीलाच घालवू.

गिरिधर अंगणात उन्हात खुर्चीवर बसला होता. अंगावर शाल. भागीरथाबाईंनी दुसऱ्या खुर्चीवर पडलेली पॉवर हाऊसची राख पदरानं झटकली आणि "बसा भाऊजी, किती दिवसानं आले," म्हणून आत गेल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर शालिकरामला बरं वाटलं असतं.

गिरिधरचे दोन्ही हात मांडीवर होते. आता तो ते लपवत नव्हता. उजवा हात एकसारखा हलत होता, अंगठा बोटांवर घासत, जणू काही गोळी वळत होता. एका ओढीत काप घेणारा तो हात. शालिकरामला तिकडे बघवेना, आणि दुसरीकडे बघणंही बरं दिसेना.

"कसा आहेस?" त्यानं विचारलं.

"बसून राहिलो," गिरिधर म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पुढे झुकून ऐकावं लागत होतं.

शालिकरामनं जुळवलेली वाक्यं सगळी उलटीसुलटी झाली. "मी लय वाईट बोललो गा त्या दिवशी. माफ कर."

गिरिधर म्हणाला, "एक विचारू? खरं सांगजो."

"विचार ना."

"तुले माहीत होतं काय? माझ्या हाताचं?"

हाच तो प्रश्न, ज्याचं उत्तर शालिकराम बसमध्ये घोकत आला होता. तो घाईनं म्हणाला, "नाही गा! देवाशपथ नाही. काल गोपिकानं सांगितलं तेव्हा कळलं. माहीत असतं तं मी मेहंदीचं बोललो असतो काय? कोणी तरी सांगाले पाह्यजे होतं मले."

गिरिधर त्याच्याकडे पाहत राहिला.

"मी सालभर हेच समजत होतो," तो हळूहळू म्हणाला, "का याले माहीत आहे. दिसते याले सगळं. हा मजाक करून राहिला माझी, चारचौघात. राग आला होता. पण मनात म्हणत होतो, मजाकच तं केली. जुना दोस्त आहे, करू दे. आला तं बोलू त्याच्याशी."

"मजाक नव्हती गा ते..."

"तेच तं." गिरिधरला दम लागला. त्यानं श्वास घेतला. "दर इतवारी तू माझ्यासमोर बसत होता. तुले पात्यावरचा डाग दिसत होता. मुठीचं रिपिट सैल झालं तं दिसत होतं. माझा हात नाही दिसला तुले?"

'माहीत होतं' म्हटलं असतं तर शालिकराम दुष्ट ठरला असता, 'नव्हतं' हे उत्तर त्यानं दिलं होतं आणि ते त्याहून वाईट निघालं. एवढ्या वर्षांत त्यानं गिरिधरच्या हातात फक्त चाकूच पाहिला होता. खिशातला चाकू त्याच्या मांडीला लागत होता. तो काढायचं धाडस त्याला झालं नाही, आणि आता काढून देणार तरी कसा?

भागीरथाबाई चहा घेऊन आल्या. शालिकरामला कप दिला आणि गिरिधरसाठी वाटीत चहा आणला होता, वर चमचा. त्या भल्या बाई. दोघांमधलं अवघडलेपण त्यांच्या लक्षात आलं असणार. त्या म्हणाल्या, "आज तुम्हीच पाजा भाऊजी. रोज रोज माझ्या हातचं पिऊन कंटाळले आहेत ते."

शालिकरामनं पटकन आपला कप खाली ठेवला. एवढं तरी करायला मिळतंय म्हणून त्याला हायसं वाटलं, डोळे भरून आले. त्यानं वाटी घेतली, चमचा भरला, फुंकर घातली आणि गिरिधरच्या तोंडाजवळ नेला.

गिरिधरनं तोंड उघडलं नाही. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. अनोळखी माणसाला नको म्हणावं तसं त्यानं हलकेच मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं.

"तूच पाज वं," तो म्हणाला.

भागीरथाबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी शालिकरामच्या हातातून वाटी आणि चमचा काढून घेतला.